मारामारीच्या आधीची पाच मिनिटं

तिसरीच्या एका वर्गशिक्षिकेचा प्रश्न आहे. वर्गात चाळीस मुलं, त्यातली तिघं रोज कुणाला ना कुणाला मारतात. एक वस्तू भिरकावतो, एक रांगेत ढकलाढकली करतो, तिसरा तर चावतो. रागावून झालं, वर्गाबाहेर उभं करून झालं, पालकांना बोलावून झालं, नीट वागण्याबद्दल समजावून झालं. काडीचा फरक नाही. उलट आता इतर मुलंही हात उचलायला लागली आहेत. तर नेमकं करायचं काय?

बाई, तुम्ही केलेले चारही उपाय मारामारी होऊन गेल्यानंतरचे आहेत. मी शाळांमधून समुपदेशक म्हणून बावीस वर्षं काम करते आहे, त्याआधी सहा वर्षं स्वतः वर्ग सांभाळला. आठ वर्षांच्या मुलाचा हात उठला त्या क्षणी आपल्या हाती फारसं काही उरलेलं नसतं, हे मी बरेच हात पोळून घेतल्यावर शिकले. जे करता येतं ते त्याच्या आधीच्या पाच मिनिटांत, नाहीतर दुसऱ्या दिवशी तो शांत असताना.

आधी एक गैरसमज दूर करू. आपल्याला वाटतं की मूल मुळात गरीब असतं आणि मारायला ते कुठून तरी शिकतं. कॅनडात रिचर्ड ट्रेम्बले यांनी मुलांच्या वाढीचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा चित्र उलटं दिसलं. ढकलणं, ओरबाडणं, मारणं सगळ्यांत जास्त असतं ते दोन ते चार वर्षांच्या वयात. पुढे बहुतेक मुलांत ते ओसरतं, कारण तोवर बोलता येतं, थांबता येतं आणि वाट पाहिली तरी आपला नंबर येतो असा अनुभव गाठीशी जमतो. न मारणं ही शिकायची गोष्ट आहे, आणि तुमच्या तिघांचा हा धडा मागे राहिला आहे. वाचन कच्चं असलेल्या मुलाला आपण शिक्षा करत नाही. (काही ठिकाणी करतात, पण तो विषय काढला तर हे उत्तर संपणार नाही.)

मग बाकीची मुलं आत्ताच का बिघडली? अल्बर्ट बांडुरा यांचा 1961 सालचा बाहुलीचा प्रयोग तुम्ही प्रशिक्षणात ऐकला असेल. मोठ्या माणसाला फुगीर बाहुलीला बडवताना पाहिलेल्या मुलांनी नंतर तिला तसंच, तेच शब्द वापरत बडवलं. राग ज्याचा त्याचा असतो, पण तो काढायची तऱ्हा बघून उचलली जाते. ढकललं की रांगेत पुढची जागा मिळते, हे चाळीस मुलं रोज बघत असतील तर त्यातली चार-पाच करून पाहणारच.

आता कामाची गोष्ट. एक वही घ्या. दोन आठवडे दुसरं काहीही नवं करू नका, फक्त लिहा. वेळ, जागा, अगदी आधी काय चाललं होतं, त्याने काय केलं आणि लगेच नंतर त्याला काय मिळालं. ‘उद्धटपणा केला’ असं लिहू नका, ‘शेजाऱ्याच्या पाठीत पट्टी मारली’ असं लिहा. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा, आणि तोच शिक्षक रिकामा सोडतात, कारण ‘मिळालं काय, शिक्षा मिळाली’ असं त्यांना वाटतं.

मीही तोच सोडला होता. माझ्या वर्गात एक मुलगा होता, रोज भांडण काढायचा. मी त्याला बाहेर पाठवायची. वही लिहायला लागले तेव्हा आठ दिवसांत अकरा नोंदी झाल्या, आणि त्यातल्या नऊ भाषेच्या तासाला होत्या. जरा बारकाईने पाहिलं तर उताऱ्याचं प्रकट वाचन सुरू होऊन पाळी त्याच्या बाकाच्या जवळ येऊ लागली की त्याचं कोपर शेजाऱ्याला लागायचं. त्याला वाचता येत नव्हतं. चाळीस जणांसमोर अडखळण्यापेक्षा भांडखोर म्हणून बाहेर जाणं त्याला परवडत होतं, आणि मी त्याला रोज इमानेइतबारे बाहेर पाठवून त्याची सुटका करत होते. माझी शिक्षा म्हणजे त्याचं बक्षीस होतं. त्याला दोन ओळी आदल्या दिवशी नेमून द्यायला लागले, त्या घरून घोकून यायचा आणि वाचायचा. शिवाय बाकावर एक रंगीत कार्ड ठेवलं. ते उलटं केलं की ‘मला आत्ता विचारू नका’. पहिल्या आठवड्यात त्याने ते रोज उलटं केलं. करू दिलं. भांडणं जवळपास बंद झाली, आणि वाचन शिकवायचं खरं काम तिथून सुरू झालं.

वहीतून साधारणपणे तीनपैकी एक कारण वर येतं. मुलाला काहीतरी टाळायचं असतं, कुणाचं तरी लक्ष हवं असतं किंवा एखादी वस्तू वा जागा हवी असते. कधी दोन मिसळलेली असतात. कारणाप्रमाणे उपाय बदलतो, हे पक्कं लक्षात ठेवा. लक्ष हवं असलेल्या मुलाला बाहेर काढणं थोडंफार लागू पडेल, टाळू पाहणाऱ्याला तेच केलं तर रोग वाढेल. तुमचा वस्तू भिरकावणारा मुलगा कुठल्या तासाला भिरकावतो, हे मला सगळ्यात आधी जाणून घ्यायला आवडेल.

लक्ष हवं असेल तर ते आधीच द्या, फुकट. सकाळी दारात त्याचं नाव घेऊन दोन वाक्यं बोला आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी त्याच्या बाकाजवळून जाताना कामावर एक नजर टाका. वागणं बिघडेपर्यंत थांबून मग लक्ष दिलंत तर बिघडण्याची किंमत तुम्हीच वाढवता. एक धोक्याची सूचना: खुर्ची वाजवणं, आवाज काढणं अशा किरकोळ गोष्टींकडे दुर्लक्ष करायचं ठरवलंत, तर पहिले काही दिवस त्या वाढतील. जे आजवर चालत होतं ते चालेना झालं की मूल आधी जोर लावून बघतं. नेमक्या याच दिवसांत शिक्षक कंटाळून ओरडतात, आणि मूल शिकतं की आणखी जोर लावला तर चालतं. मारण्याकडे मात्र दुर्लक्ष करायचं नाही, कधीच.

जागांचाही विचार करा. मारामाऱ्या तासाच्या मध्यावर कमी होतात. रांग, जिना, स्वच्छतागृहाचा दरवाजा, मधल्या सुट्टीची शेवटची पाच मिनिटं, खेळातला एकमेव चेंडू – मुलं दाटीने उभी आणि हाताला काम नाही अशा जागी त्या होतात. यावर उपदेशाचा उपयोग नाही, व्यवस्था बदलावी लागते. एका रांगेच्या दोन करा, प्रत्येकाची जागा ठरवून टाका, ढकलाढकली करणाऱ्याला दार धरून उभं राहायचं काम द्या. चेंडूवरून होणारी निम्मी भांडणं ‘आउट होतास की नव्हतास’ यावर असतात. वाद झाला की दगड-कागद-कात्री, एकच डाव, निकाल अंतिम, हा नियम वर्गात चार वेळा खेळून पक्का करून घ्या. हसण्यावारी नेऊ नका, याने मधली सुट्टी बदललेली मी पाहिली आहे.

आता तुमच्या रांगेतल्या मुलाबद्दल. मागून धक्का लागतो, तो वळतो आणि ठोसा मारतो. विचारलं तर म्हणतो, ‘त्याने मुद्दाम ढकललं.’ आपल्याला वाटतं खोटं बोलतोय. बहुतेकदा तो खरं बोलत असतो, त्याला तसंच दिसलेलं असतं. केनेथ डॉज यांनी 1980 मध्ये दाखवलं की नेहमी मारामारी करणारी मुलं संदिग्ध प्रसंगात समोरच्याचा हेतू वाईटच होता असं धरून चालतात. हेतू उघड असेल तर त्यांनाही तो कळतो. गोंधळ होतो तो ‘कळत नाही’ अशा जागी. आणि एकदा भांडखोर म्हणून नाव झालं की बाकीची मुलंही त्याच्याबाबत वाईटच धरतात, त्यामुळे त्याचा संशय कधी कधी खराही ठरतो.

यासाठी मी एक खेळ घेते, संपूर्ण वर्गाचा, आठवड्यातून तीनदा दहा मिनिटं. दोन मुलं छोटा प्रसंग करून दाखवतात. एकाच्या चित्रावर पाणी सांडतं, कुणी हाक मारली तरी दुसरी वळत नाही. मग वर्गाने तीन उत्तरांपैकी एक द्यायचं: मुद्दाम, चुकून, की कळत नाही? हे तिसरं उत्तर सोन्यासारखं आहे. ‘कळत नाही’ म्हटलं की पुढचं पाऊल विचारायचं असतं: ‘तू मुद्दाम केलंस का?’ हे वाक्य मुलांच्या तोंडी बसेपर्यंत घोटून घ्या. वर्षाअखेरीस त्या मुलाच्या तोंडून रांगेत ते वाक्य ऐकू आलं तर समजा तुमचं वर्ष सार्थकी लागलं.

रागाचंही तसंच. ‘राग आला की दहा अंक मोज’ हे भडकलेल्या मुलाला सांगून उपयोग नसतो. त्या वेळी त्याच्या कानात शब्द शिरत नाहीत. सराव शांत असताना करायचा. कासवाची एक युक्ती 1970च्या दशकापासून वापरात आहे: हात अंगाशी घ्यायचे, मान खाली घालून कवचात शिरायचं, सावकाश श्वास घ्यायचा आणि मग काय करता येईल ते ठरवायचं. बालवाडी ते दुसरीला फार आवडते. तिसरी-चौथीची मुलं लाजतात, त्यांना मी दोन्ही तळवे बाकाखालून घट्ट दाबायला शिकवते, कुणाला दिसत नाही. त्याआधी राग शरीरात कुठे सुरू होतो ते ओळखायला लावा. कुणाचे कान गरम होतात, कुणाच्या मुठी आवळतात. ‘माझ्या पोटात गोळा येतो’ असं एका मुलीने सांगितलं तेव्हा वर्गातल्या निम्म्या मुलांनी हात वर केले होते.

उशीला ठोसे मारायला मात्र सांगू नका. राग बाहेर काढला की निवळतो ही समजूत फार चिवट आहे. ब्रॅड बुशमन यांच्या 2002 सालच्या प्रयोगात, ज्याचा राग आला त्याचा विचार करत बॉक्सिंगच्या बॅगेवर ठोसे मारणारे लोक नुसतं शांत बसलेल्यांपेक्षा जास्त चिडलेले आणि जास्त आक्रमक निघाले. ते प्रौढ विद्यार्थी होते, पण मुलांना ठोशांचा सराव देण्याचं धाडस मी तरी करणार नाही.

संपूर्ण वर्गासाठी एक गोष्ट मी डोळे झाकून सुचवते, आणि ती जुनी आहे: चांगल्या वागणुकीचा खेळ. 1969 मध्ये अमेरिकेत चौथीच्या एका वर्गात तो पहिल्यांदा तपासला गेला. वर्गाचे गट करायचे, तीन-चार स्पष्ट नियम ठरवायचे आणि खेळ सुरू असताना कुणी नियम मोडला की त्याच्या गटाच्या नावापुढे एक खूण करायची. शेवटी ठरलेल्या संख्येपेक्षा कमी खुणा असलेले सगळे गट जिंकतात. एकच विजेता असं नाही. बक्षीस साधं असावं, पाच मिनिटं जास्त खेळ किंवा एक गोष्ट ऐकणं. बाल्टिमोरमध्ये 1980च्या दशकात पहिलीच्या वर्गांवर हा प्रयोग झाला आणि ती मुलं एकोणीस ते एकवीस वर्षांची होईपर्यंत त्यांचा मागोवा घेतला गेला. पहिलीत सर्वांत जास्त आक्रमक असलेल्या मुलग्यांमध्ये पुढे व्यसनाधीनता आणि समाजविघातक वागणं कमी आढळलं. खुणा आणि गोष्टींच्या खेळासाठी हे थोडं नाही.

सुरुवात दिवसातून एकदा दहा मिनिटांनी करा, आणि तीही सोप्या तासाला. तिघांना तीन वेगळ्या गटांत ठेवा. खूण करताना भाषण देऊ नका, ‘दुसरा गट, एक खूण, बाकीचे छान चाललेत’ एवढंच. गटातली मुलं एकट्यावर तुटून पडायला लागली तर त्याला काही दिवस एकट्याचा गट द्या. हा खेळ शिक्षेचं हत्यार झाला तर मेला म्हणून समजा.

एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. कारकिर्दीच्या सुरुवातीला मी शाळेतल्या सहा ‘त्रासदायक’ मुलांचा एक गट केला आणि दर आठवड्याला त्यांना राग आवरायला शिकवू लागले. दीड महिन्यात त्यांची छान टोळी तयार झाली. कुणी कुणाला कसं मारलं याच्या गोष्टी तिथे रंगायच्या, बाकीचे हसायचे, आणि ते हसू माझ्या सगळ्या धड्यांना भारी पडायचं. 1999 मध्ये डिशियन, मकॉर्ड आणि पूलाँ यांनी किशोरवयीन मुलांबद्दल हेच लिहिलं: वाह्यात मुलांना एकत्र बसवलं तर उपचार अपाय करू शकतो. आता मी लहान गट घेते तेव्हा एका अशा मुलाबरोबर तीन नीट खेळणारी मुलं घेते.

प्रत्यक्ष मारामारीच्या वेळी काय, यावर थोडक्यात. आवाज खाली, शब्द मोजके. ‘थांब. हात खाली. इकडे ये.’ आधी ज्याला लागलंय त्याच्याकडे जा, म्हणजे मारणाऱ्याला प्रेक्षक मिळत नाहीत. ‘का मारलंस?’ विचारू नका. त्याला माहीत नसतं, मग तो वकिली करायला लागतो. बोलणं अर्ध्या तासाने, बाजूला घेऊन. जबरदस्तीची ‘सॉरी’ नको, भरपाई हवी: फाडलेलं चित्र चिकटवून दे, पाडलेलं दप्तर भरून दे. आणि मारणाऱ्याला मारू नका. एलिझाबेथ गेरशॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी 2016 मध्ये एक लाख साठ हजारांहून अधिक मुलांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. मुलांना मार देण्याचा संबंध जास्त आक्रमकतेशीच दिसला.

भांडण आणि छळ यांत गल्लत करू नका. नॉर्वेचे डॅन ओल्वेयस यांनी छळाची तीन लक्षणं सांगितली: मुद्दाम त्रास देणं, पुन्हा पुन्हा देणं आणि दोघांत ताकदीचा फरक असणं. भांडणात दोघांना समोरासमोर बसवून मिटवता येतं. छळात तसं बसवलंत तर दुबळ्या मुलाला तुम्ही दुसऱ्यांदा उघडं पाडता. तो समोर ‘काही नाही बाई’ म्हणेल आणि बाहेर मार खाईल. दोघांशी वेगवेगळं बोला, आणि मुख्य म्हणजे बघ्यांवर काम करा. टोरोंटोमध्ये मैदानावरच्या चित्रफिती पाहून केलेल्या 2001 सालच्या अभ्यासात, एखादं मूल मध्ये पडलं तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा, 57 टक्के, छळ दहा सेकंदांत थांबला. मध्ये पडणं प्रत्येकाला झेपणार नाही. न हसणं, निघून जाणं, नंतर त्या मुलाशेजारी जाऊन बसणं हे मात्र सगळ्यांना जमतं, आणि हेही शिकवावंच लागतं. मुलींच्या बाबतीत हात उठत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. ‘तिच्याशी बोललीस तर तू आमच्यात नाहीस’ हे तिसरीतच सुरू होतं, आणि ते ठोशापेक्षा जास्त दिवस दुखतं.

पालक. तुम्ही बोलावलंत म्हणजे काय झालं ते मला दिसतंय: ते आले, खाली मान घालून ऐकलं आणि घरी जाऊन मुलाला बडवलं. पहिला निरोप तक्रारीचा नसावा. आठवडाभर थांबा, त्याने काहीतरी बरं केलं की तेवढंच कळवा. मग दुसऱ्या भेटीत वही उघडा आणि विचारा, ‘घरी हे केव्हा होतं?’ जेराल्ड पॅटरसन यांनी घराघरांतून निरीक्षण करून एक सापळा दाखवला होता. आई काम सांगते, मूल आरडाओरडा करतं, आई थकून माघार घेते, मूल गप्प होतं. दोघांनाही लगेच आराम मिळतो, म्हणून दोघंही तेच पुन्हा करतात. यात पालक वाईट नसतात, दमलेले असतात. त्यांना एकच काम द्या: कमी गोष्टी सांगा, पण सांगितलेली शांतपणे पार पाडून घ्या. रोज एक चिठ्ठी घरी पाठवा, दोनच उद्दिष्टांची. ‘हात स्वतःपाशी ठेवले – सकाळी हो, दुपारी नाही.’ आणि वाईट चिठ्ठीला घरी मार मिळतोय अशी शंका आली तर चिठ्ठी बंद करा.

एवढं सगळं नीट दोन-तीन महिने करूनही हलत नसेल, इजा गंभीर होत असेल, मूल प्राण्यांना छळत असेल, स्वतःला मारून घेत असेल किंवा शांत मूल अचानक हिंसक झालं असेल, तर बालमानसतज्ज्ञांकडे पाठवायला उशीर करू नका. अचानक बदल झाला की घरी वा बाहेर त्याला कुणी इजा करतंय का, हा प्रश्न मनात असायलाच हवा. झोप, नजर, अतिचंचलता, शिकण्यातली अडचण हेही तपासलं जावं.

चावणाऱ्या मुलाबद्दल मुद्दाम शेवटी लिहिते आहे. आठव्या वर्षी चावणं फारसं दिसत नाही. या वयाचं मूल चावतं तेव्हा ते कोंडीत सापडलेलं असतं आणि त्याच्याकडे शब्द कमी असतात, असं मला बहुतेक वेळा आढळलं आहे. दुसरीतला असाच एक मुलगा माझ्याकडे आला होता. त्याच्या शिक्षिकेने वहीत माझ्या रकान्यांशिवाय स्वतःचा एक रकाना जोडला होता, ‘कुठून’. तीन आठवड्यांच्या नोंदी आम्ही दोघींनी पाहिल्या तेव्हा लक्षात आलं की चावलेली जवळजवळ सगळी मुलं त्याच्या डाव्या बाजूने आलेली होती. त्याला डाव्या कानाने जेमतेम ऐकू येत होतं. मुलं त्याच्या दृष्टीने हवेतून प्रकटायची, अंगाला हात लावायची, आणि तो दचकून चावायचा. वर्गात त्याला डाव्या भिंतीशी बसवलं, मुलांना समोरून येऊन बोलायला शिकवलं आणि त्याला कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यामुळे तुमच्या त्या मुलाच्या बाबतीत वहीचे दोन आठवडे संपायची वाट पाहू नका, त्याची श्रवण तपासणी या आठवड्यातच करून घ्या.